नागोबाची जत्रा : आधार आणि आश्रय

आदिवासींच्या सांस्कृतिक मेळाव्यांविषयी लिहिताना अभ्यासकांकडून दोन भिन्न कल्पनांची गल्लत वारंवार होते. मेळावा ज्या अंतर्गत बंधांवर उभा असतो तो त्याचा आधार होय. राज्यसंस्था, विद्यापीठे वा दाते बाहेरून जे साहाय्य देतात तो आश्रय होय. आश्रय वाढला म्हणजे मेळावा समृद्ध झाला, असा निष्कर्ष काढला जातो. तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यात, केसलापूर येथे पौष अमावास्येस भरणारी नागोबाची जत्रा या दृष्टीने तपासण्याजोगी आहे.

ही जत्रा राज गोंडांपैकी मेसराम कुळाची. तिचे संयोजन कोणत्याही मंडळाकडे नसून कुळाच्या कर्तव्यवाटपात आहे. जत्रेपूर्वी कुळातील माणसे बैलगाडीने गावोगाव फिरून वार्ता देतात. त्यानंतर पायी जाऊन गोदावरीचे पाणी आणतात. कुळात नव्याने आलेल्या सुना 'भेटिंग' या विधीत देवापुढे आणल्या जातात आणि तेव्हाच त्यांचा कुळाशी पूर्ण संबंध जडतो. निमंत्रण, प्रवास, पाणी, सोयरीक हे या जाळ्याचे धागे होत. यांपैकी प्रत्येक धागा कोणाच्या तरी बोलण्यातून विणला जातो, ही गोष्ट भाषाशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. वार्ता द्यावयाची तर नाते उच्चारावे लागते. सून भेटवावयाची तर तिचे कूळ सांगावे लागते. भाषा येथे प्रदर्शनाची वस्तू नसून कर्तव्याचे साधन आहे.

क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांचा 'द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद' हा ग्रंथ १९४८ साली प्रसिद्ध झाला. परधानांच्या मुखातील कुलकथांचे त्यातील संकलन आजही मोलाचे आहे. परधान हे गोंडांचे वंशपरंपरागत कथेकरी. कीकरीच्या साथीने ते यजमान कुळांची कथा गातात. आदिलाबादच्या परधानांची घरची बोली मराठी आणि गायनाची भाषा गोंडी, हा द्वैभाषिक व्यवहार मराठीच्या अभ्यासकांनी अद्याप पुरेसा लक्षात घेतलेला नाही. परंतु ग्रंथात कथा उतरते तेव्हा तिचा श्रोता गळून पडतो. ज्याच्या पूर्वजांची ती कथा आहे, जो चुकल्यास टोकू शकतो आणि ऐकून झाल्यावर ज्याला दान द्यावे लागते, तो यजमान हा त्या वाङ्मयाचा बाह्य परिसर नव्हे, घटक आहे. म्हणून रंगमंचावर नियत मिनिटांत सादर होणारी परधानांची कला ही मूळ कलेची संक्षिप्त आवृत्ती नसून निराळाच वाङ्मयप्रकार ठरते.

जत्रेतील दरबाराचा प्रश्न अधिक नाजूक आहे. १९४० साली जोडेघाट येथे कुमराम भीम मारले गेल्यानंतर निजाम सरकारने हायमेनडॉर्फ यांच्याकडे गोंडांच्या असंतोषाच्या अभ्यासाचे काम सोपविले. जमिनीच्या तक्रारी ऐकण्यासाठी अधिकाऱ्यांनीच जत्रेस यावे, ही प्रथा त्या दशकात त्यांच्या सूचनेने पडली. तिला केवळ परकीय कलम म्हणणे अन्यायाचे होईल. कचेरीच्या पायऱ्या झिजविण्याऐवजी कचेरी आपल्या देवापाशी आली, याचे मोल गोंडांनी जाणले. तथापि दरबाराने जत्रेत नवी वाक्‌परंपरा आणली : निवेदनाची. कुळाचे बोलणे आप्तास उद्देशून असते, निवेदन सत्तेस उद्देशून. पहिल्यात वक्त्याचे स्थान नात्याने ठरते, दुसऱ्यात गरजेने. दोहोंस जागा असावी. मात्र दुसरीची सोय पाहताना पहिलीचा वेळ व अवकाश आक्रसू नये.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आदिलाबाद आंध्र प्रदेशात राहिला आणि किनवट व राजुरा हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात आले. एकाच कुळाच्या मुलांना एकीकडे तेलुगू व दुसरीकडे मराठी शाळा मिळाली. त्यापूर्वी, १९४० च्या दशकात, मारलवाई येथील शिक्षणकेंद्रातून देवनागरीत गोंडी वाचने तयार झाली होती. सेतुमाधवराव पगडी यांनीही त्या काळात गोंडीचा अभ्यास केला. तो उपक्रम रुजला नाही, कुळाची जत्रा मात्र सीमा ओलांडून भरत राहिली.

येथे एक आक्षेप संभवतो. कुळाचा आधार बळकट असला तरी अरुंद असतो. सर्व गोंडांस तो कसा सामावील? गोंदिया जिल्ह्यातील कचारगड येथे माघ पौर्णिमेस भरणारा मेळावा हे त्याचे उत्तर म्हणून पुढे येते. १९८० च्या दशकात मोतीरावण कंगाली व त्यांचे सहकारी यांच्या प्रयत्नांतून वाढलेल्या या मेळाव्यास अनेक राज्यांतील गोंड येतात. तेथे नाते कुळाचे नसून समग्र गोंड अस्मितेचे आहे. परंतु भिन्न राज्यांतून येणाऱ्यांच्या गोंडी बोली भिन्न असल्याने परस्परांशी बोलताना हिंदी वा मराठीचा अवलंब सुलभ होतो. २०११ च्या जनगणनेत सुमारे २९ लाख ८४ हजार लोकांनी मातृभाषा म्हणून गोंडी नोंदविली, आणि तरी तिला सर्वमान्य लिपी नाही. विस्ताराची ही किंमत आहे. केसलापुरात भाषेला कर्तव्य आहे, पण व्याप्ती नाही. कचारगडात व्याप्ती आहे, पण भाषेवाचून अडेल असे कर्तव्य थोडे आहे.

यावरून आश्रयाची कसोटी निघते. पाणी, रस्ते, दिवे, आरोग्यसेवा ही राज्यसंस्थेने द्यावीतच. त्यांत कोणाचेही बोलणे हिरावले जात नाही. पण निमंत्रण छापील पत्रिकेने जाऊ लागले, परधानास यजमानाऐवजी केवळ खातेच मानधन देऊ लागले, विधीचा क्रम पाहुण्यांच्या आगमनावर ठरू लागला, तर जत्रा भरेल आणि जाळे विरेल. साहाय्य किती दिले याबरोबरच, कोणती कर्तव्ये त्या समाजाच्याच हाती राहू दिली, हे विचारणे समीक्षेचे काम आहे.