बंदूक नसलेला सायलेंट हिल

नवा गेम आला की हैदराबादच्या नारायणगुड्यात दोन प्रश्न ठरलेले. ग्राफिक्स कसे आहेत, आणि किती तास चालतो? कॉलेजं आणि कोचिंग क्लासांच्या या गर्दीत, वायएमसीए चौकापासून हिमायतनगरपर्यंत, गेमिंग कॅफेत तासावर पैसे मोजणाऱ्या पोराला हे विचारायचा पूर्ण हक्क आहे. नव्या मोठ्या गेमची डबी घ्यायची तर चार-पाच हजार जातात, हिशेब होणारच. अडचण एवढीच, की गेमवर लिहिणारेही बहुतेक वेळा याच दोन प्रश्नांपाशी घुटमळतात. मालिका जुनी असली तर तिसरा जोडतात: जुन्यासारखा आहे का? सर्व्हायव्हल हॉरर, म्हणजे तुटपुंज्या साधनांनिशी भयाच्या मुलखात तगून राहण्याचा खेळ. त्याला ही तिन्ही मापं तोकडी पडतात. इथे विचारायला हवं ते वेगळंच: हा गेम माझ्या हातून काय काढून घेतो, आणि घेतलेलं किती वेळ परत देत नाही?

‘सायलेंट हिल एफ’ 25 सप्टेंबर 2025 ला आला. 2012 च्या ‘डाउनपोअर’नंतरचा मालिकेतला हा पहिला पूर्ण लांबीचा नवा भाग. त्याला जोखायचं तर आधी या प्रकाराची वाटचाल थोडी पाहावी लागेल.

1996 साली कॅपकॉमने प्लेस्टेशनवर ‘रेसिडेंट इव्हिल’ आणला. दिग्दर्शक शिंजी मिकामी. त्यात भीती झॉम्बींची नव्हतीच, निदान पहिल्या तासानंतर तरी नाही. भीती होती ती शाईच्या फितीची. टाइपरायटरवर खेळ जतन करायला फीत लागे, आणि फिती मोजक्या. नायक क्रिसच्या खिशात सहा वस्तूंची जागा, नायिका जिलच्या आठ. किल्ली घ्यायची तर गोळ्या ठेवून जा. कॅमेरा भिंतीला ठोकल्यासारखा स्थिर. वळणापलीकडे कोण उभं आहे ते दिसायचं नाही, फक्त पावलं ऐकू यायची. दार उघडतानाचा तो संथ देखावा खरं तर यंत्राला पुढची खोली तयार करायला दिलेली सवड होती, पण खेळणाऱ्याचा श्वास तिथेच अडकायचा. यंत्राची मर्यादा कलेच्या कामी आली.

1999 चा पहिला ‘सायलेंट हिल’ तर याच युक्तीवर उभा आहे. कोनामीच्या टीम सायलेंटला अख्खं गाव दाखवायचं होतं आणि प्लेस्टेशनला ते पेलणारं नव्हतं. म्हणून धुकं आलं. हरवलेल्या मुलीला शोधणारा हॅरी मेसन सैनिक नाही, पोलीस नाही. त्याचा नेम चुकतो, तो धावून दमतो. खिशातला रेडिओ खरखरला की जवळ काहीतरी आहे एवढंच कळतं. 2001 च्या दुसऱ्या भागात मेलेल्या बायकोचं पत्र आलं म्हणून जेम्स गावात येतो, आणि तिथली प्रत्येक आकृती त्याच्याच मनातून निघालेली असते. या प्रकारात इतकं खोल पुन्हा फार थोड्यांना जाता आलं.

धुक्याची किंमत कोनामीला 2012 मध्ये कळली असावी. दुसरा आणि तिसरा भाग नव्या यंत्रांसाठी उजळून ‘एचडी कलेक्शन’ म्हणून काढला गेला. मूळ प्रोग्रामची अंतिम प्रत जपलेली नव्हती, अर्धवट प्रतीवरून काम झालं, आणि धुकं विरळ झालं. जिथे गाव संपतं ती रिकामी कड उघडी पडली. चित्र पूर्वीपेक्षा स्वच्छ, पण भीती पार गेली. ग्राफिक्स कसे आहेत, या प्रश्नाचं इतकं चोख उत्तर दुसरं मला माहीत नाही.

न दिसण्यातलं भय समजायला हैदराबादकरांना जपानपर्यंत जायची गरज नाही. अमीरपेटेत व्हिडिओ लायब्ररी चालवणाऱ्या रामगोपाल वर्मांनी पुढे तेलुगूत ‘रात्री’ आणि हिंदीत ‘रात’ केला, तेव्हा पडद्यावर भूत फारसं नव्हतंच; कॅमेराच माणसांच्या मागे मागे सरकत राहायचा. आणि मराठी घरातल्या मुलाकडे भयकथांचा आणखी एक साठा होता. नारायणगुड्याहून सुलतान बाजार आज मेट्रोने पुढचंच स्टेशन. तिकडे इसामिया बाजारातल्या मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या कपाटात नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी शेजारी शेजारी असायचे. धारपांचा समर्थ हा आपल्याकडचा दीर्घ मालिकेचा नमुना. मला समर्थकथा आवडतात, पण त्यांत भीती फार टिकत नाही, हेही खरं. समर्थ दारात आला की वाचक सैल होतो. आता काय करायचं ते जाणणारा माणूस आला. धारपांच्या ज्या कथांत असं कोणी येतच नाही, त्या रात्री झोप उडवतात.

रेसिडेंट इव्हिलचंही नेमकं हेच झालं. 2005 चा चौथा भाग हा थोर गेम आहे, यात वाद नाही. कॅमेरा नायक लिऑनच्या खांद्यामागे आला, नेम धरता येऊ लागला, शस्त्रं विकणारा व्यापारी कोपऱ्याकोपऱ्यावर भेटू लागला. ताण होता, पण तो लढणाऱ्याचा. पुढच्या दोन भागांत फक्त लढणारा उरला. 2012 च्या सहाव्या भागात स्फोट, पाठलाग, हेलिकॉप्टर सगळं आहे. भ्यायला जागा नाही. मग 2017 च्या सातव्या भागाने शहाणपणा केला: लुईझियानातलं एक कुबट घर, प्रथमपुरुषी नजर, अनोळखी सामान्य माणूस. मालिका वाचली ती काढून घेण्यामुळे. दिल्यामुळे नव्हे.

त्यानंतर या धंद्याला एक सोपी वाट सापडली. 2019 मध्ये ‘रेसिडेंट इव्हिल 2’ नव्याने घडवला गेला आणि गाजला; मग 2020 मध्ये तिसरा, 2023 मध्ये ‘डेड स्पेस’ आणि रेसिडेंट इव्हिलचा चौथा, 2024 मध्ये पोलंडच्या ब्लूबर टीमने केलेला ‘सायलेंट हिल 2’. यातले बरेचसे उत्तम आहेत. ब्लूबरकडून माझी अपेक्षा नव्हती, आणि त्यांनी जेम्सची कथा जपूनही गावाला नवी खोली दिली. पण पुनर्निर्मितीत एक गोष्ट आधीच गेलेली असते. पुढे काय आहे ते माहीत असतं. पंधरा-वीस वर्षांपूर्वीचं भय नव्या रंगात पुन्हा विकत घेणारा ग्राहक म्हणजे जत्रेत तोच पाळणा दुसऱ्यांदा घेणारा. मजा येते, पोटात गोळा येत नाही. म्हणून नवा भाग, नवी माणसं, नवं गाव घेऊन येणं हे धाडस आहे, आणि कोनामीला त्याचं श्रेय द्यायलाच हवं. ‘पी. टी.’ या छोट्याशा नमुन्याने 2014 मध्ये जगाला घाबरवल्यावर पुढच्याच वर्षी मूळ प्रकल्प रद्द करून तो नमुनाही दुकानातून काढून टाकणारी हीच कंपनी.

‘एफ’मध्ये सायलेंट हिल हे अमेरिकन गाव नाहीच. काळ 1960 च्या दशकातला, ठिकाण एबिसुगाओका हे जपानी डोंगरगाव. गिफू प्रांतातल्या गेरो शहरातल्या कानायामाच्या गल्ल्यांवरून ते घेतलं आहे, आणि ते कळतं: एक माणूस जेमतेम जाईल अशा बोळी, दगडी पायऱ्या, घरांच्या पाठी, पाण्याचे चर. गेम घडवला तैवानच्या निओबार्ड्सने, कथा ‘हिगुराशी’वाल्या र्‍यूकिशी07 ची, संगीतात मालिकेचे जुने अकिरा यामाओका आहेत. नायिका हिनाको शिमिझू, शाळकरी मुलगी. बाप दारूडा आणि हात उगारणारा, आई गप्प, मोठी बहीण लग्न होऊन गेलेली. घरातून बाहेर पडावं तर गावात धुकं, आणि धुक्यात भिंतींवर चढत जाणारी लाल फुलं. फुलं इतकी सुंदर आहेत की पाहताना संकोच वाटतो.

ज्यांना ‘गावच नाही तर सायलेंट हिल कसला’ असं वाटतं त्यांच्याशी मी सहमत नाही. ही मालिका कधीच गावाची नव्हती. माणसाने स्वतःपासून लपवलेल्या गोष्टीला गाव आकार देतं, हा तिचा गाभा. जेम्सच्या जागी हिनाको आली आणि अपराधाच्या जागी लग्न आलं. मुलीचं पुढे काय करायचं हे तिच्यासमोर बसून, तिला न विचारता ठरवणारी माणसं मराठी वाचकाला ओळखीची आहेत. मतकरींच्या कथेत भय माजघरातून येतं, तसंच इथे.

आता माझा प्रश्न. काय काढून घेतलं? पहिली गोष्ट, बंदूक. ती नाहीच. कॅफेत माझ्या शेजारी बसलेल्या पोराने तासाभराने वैतागून विचारलं होतं, “भय्या, गन कब मिलती?” नहीं मिलती. लोखंडी नळी, बॅट, विळा, कुऱ्हाड. तेही तीनच बाळगता येतात आणि वापरून मोडतात. दुरुस्तीचं साहित्य मोजकं. शत्रू मारला तरी काही पदरात पडत नाही, म्हणून पळणं हाच शहाणपणा. आणि मग सगळ्यात हुशार कल्पना: रस्त्याकडेच्या छोट्या देवळीपाशी खेळ जतन होतो, आणि तिथेच खिशातली औषधं, खाऊ देवाला अर्पण करून ‘श्रद्धा’ मिळवता येते. त्या श्रद्धेवर ताईत मिळतात, हिनाकोची कायमची ताकद वाढते. जखम बांधायची पट्टी आत्ता वापरू, की पुढच्या आठवड्यासाठी देवाला देऊ? शाईच्या फितीनंतर मला इतका नेमका पेच या प्रकारात फार क्वचित सापडला आहे. शिवाय तो गावाच्या श्रद्धेशी, म्हणजे कथेशी, बांधलेला आहे. वरून चिकटवलेला नाही.

भातखाचरातली बुजगावणी हा या गेमचा शिखरबिंदू. शाळेच्या गणवेशातली बुजगावणी धुक्यात उभी आहेत. प्रत्येक ठिकाणी एक सुगावा, त्यावरून योग्य ते निवडायचं; चुकलं तर ते अंगावर येतं. लढाई नगण्य. पण निवड करून वळल्यावर पाठीमागे काय चाललं असेल, या एका विचाराने पाय जड होतात. उत्तरार्धात हिनाकोच्या घरात शिरल्यावर कागदी दारांच्या भुलभुलैयात आईबापाचा संसार थोडाथोडा उलगडतो, तो भागही याच तोडीचा. तिथे मी कंट्रोलर खाली ठेवून थोडा वेळ नुसता बसलो होतो.

मग घेतलेलं परत द्यायला सुरुवात होते, आणि गेम हातातून निसटतो. कथेला दुसरा एक प्रदेश आहे, अंधाऱ्या देवस्थानाचा, जिथे कोल्ह्याचा मुखवटा घातलेला पुरुष हिनाकोला वाट दाखवतो. तिथली शस्त्रं मोडत नाहीत. पुढे तर तिला अशी शक्ती मिळते की शत्रूंच्या घोळक्यात ती बेधडक घुसू शकते. कथेच्या दृष्टीने याला अर्थ आहे, तो मी मान्य करतो. ती काय गमावून ही ताकद मिळवते हे अंगावर येणारं आहे. पण खेळ म्हणून? काही जागी वाट बंद होते आणि सगळे मेल्याशिवाय उघडत नाही. शत्रू चमकला की त्या क्षणी प्रतिवार करायचा, हे गणित दहाव्या वेळी जमू लागतं आणि भीती संपते. हिनाको समर्थ झाली. पळण्यावर रचलेल्या गेमने पळण्याची मुभाच काढून घ्यावी, हा काढून घेण्याचा चुकीचा प्रकार.

दुसरी तक्रार शेवटांची. शेवट पाच आहेत, पण पहिल्या फेरीत एकच मिळतो, कसेही खेळा. खरी गोष्ट समजायला पुन्हा खेळावं लागतं. दुसऱ्या फेरीत नवी कागदपत्रं, नवे प्रसंग येतात, आणि पहिल्या वेळी साधी वाटलेली वाक्यं वेगळी ऐकू येतात. लेखक म्हणून र्‍यूकिशी07 ची ही जुनी खोड आहे आणि कादंबरीत ती खुलते. पण कादंबरी दुसऱ्यांदा वाचताना त्याच राक्षसाशी पुन्हा पंधरा मिनिटं झुंजावं लागत नाही. दुसरी फेरी मला समृद्ध वाटली. तिसरी मी अर्ध्यावर सोडली.

तरीही पुनर्निर्मितीच्या या दिवसांत नव्या माणसाचं नवं भय रचायला निघालेला हा गेम मला गेल्या काही वर्षांतल्या गुळगुळीत यशांपेक्षा मोलाचा वाटतो. दुसऱ्या भागाच्या शेजारी तो बसत नाही. होमकमिंग आणि डाउनपोअर या आधीच्या भागांच्या कितीतरी वर आहे. कथेला नऊ, कोड्यांना आठ, लढाईला पाच असे गुण द्यायचे तर देता येतील, पण त्यांची सरासरी काढू नये.

घ्यायचा असेल तर लढाईची पातळी ‘स्टोरी’वर ठेवा, कोड्यांची ‘हार्ड’वर. हार्ड लढाईत दमछाक वाढते, भीती नाही. कॅफेत खेळू नका. शेजारच्या क्रिकेट गेमचा आरडाओरडा धुक्याला मारून टाकतो. हेडफोन लावून घरी, आणि दोन फेऱ्या, त्याहून जास्त नाही.