फ्रिक्वेन्सी सिंथेसायझरमधील सब-हार्मोनिक संकेत : निवारण-पद्धतींची चिकित्सा

प्रस्तावना

मुंबईतील वेरावली येथे भारतीय हवामानशास्त्र विभागाचे सी-बँड डॉप्लर रडार २०२२ साली कार्यान्वित झाले. वसई-विरारचे आकाशही त्याच्या टप्प्यात येते. डॉप्लर रडार परतलेल्या लहरीच्या कलेतील बदलावरून पर्जन्यकणांचा वेग ठरवते. ही कला ज्या संदर्भ-संकेताशी ताडून पाहिली जाते, तो सूक्ष्मतरंग सिंथेसायझरकडून मिळतो. संदर्भातच अनिष्ट घटक असतील, तर ग्राहीमध्ये नको त्या वारंवारतांना वाट मिळते.

सब-हार्मोनिक हा असाच एक घटक होय. मूळ दोलकाची वारंवारता दुप्पट करून प्रदान मिळविले, की प्रदानाच्या अर्धपट व दीडपट वारंवारतेचे अवशेष त्यासोबत येतात. ‘प्रदानावर फिल्टर बसवावा’ हे त्यावरचे प्रचलित उत्तर कितपत पुरेसे आहे, याचा येथे विचार केला आहे.

विवेचन

वारंवारता स्थिर असेल, तर हे उत्तर बहुतांशी योग्य आहे. ५.६ गिगाहर्ट्झच्या संकेताचा अर्धपट अवशेष २.८ गिगाहर्ट्झवर येतो आणि नेहमीच्या सी-बँड वेव्हगाइडमधून तो पुढे जाऊच शकत नाही. दीडपट म्हणजे ८.४ गिगाहर्ट्झचा अवशेष मात्र त्यातून पार होतो. त्यासाठी स्वतंत्र फिल्टर लागतो.

विस्तृत पट्ट्याच्या सिंथेसायझरमध्ये हे उत्तर अपुरे पडते. ५ ते १० गिगाहर्ट्झच्या दोलकापासून १० ते २० गिगाहर्ट्झ मिळवायचे आहेत असे मानू. प्रदान १० असताना दीडपट अवशेष १५ वर, म्हणजे उपयुक्त पट्ट्याच्या मध्यातच पडतो. एकच स्थिर फिल्टर त्याला रोखू शकत नाही. म्हणून पट्ट्याचे असे भाग करावे लागतात, की प्रत्येकाची वरची मर्यादा खालच्या मर्यादेच्या दीडपटीहून कमी राहील. येथे किमान दोन भाग अनिवार्य ठरतात. गुणन चौपट असेल, तर सव्वापट अवशेषामुळे ही मर्यादा १.२५ पर्यंत उतरते व फिल्टरांची संख्या वाढते.

दुसरा मार्ग अवशेष उगमापाशीच मिटवण्याचा आहे. संतुलित द्विगुणकाच्या दोन शाखांतील मूळ संकेत परस्परविरुद्ध कलेत येऊन एकमेकांना छेदतात. मात्र आयामांत १० टक्के तफावत असल्यास दमन सुमारे २६ डेसिबल इतकेच मिळते. तफावत १ टक्क्यावर आणल्यास ते ४६ डेसिबल होते. कलेतील केवळ १ अंशाची चूकही दमन ४१ डेसिबलवर रोखते. ६० डेसिबल, म्हणजे मुख्य शक्तीच्या दशलक्षांशाची अपेक्षा असेल, तर केवळ संतुलनावर विसंबता येत नाही.

तिसरा मार्ग गुणन टाळून थेट उच्च वारंवारतेचा दोलक वापरण्याचा. तोही निर्दोष नाही. फेज-लॉक लूपमधील दोनने भागणारा परिपथ नेमका अर्धपट संकेत निर्माण करतो. तो उलट दिशेने किंवा वीजपुरवठ्याच्या वाटेने प्रदानात झिरपतो. तेथे बफर प्रवर्धक, आयसोलेटर व धातूचे आवरण यांची योजना आधी करावी लागते.

निष्कर्ष

संतुलन, अलगीकरण आणि फिल्टर हे परस्परांचे पर्याय नसून एकामागून एक येणारे टप्पे आहेत. दोष कोठे जन्मतो हे ठरविल्यावाचून बसविलेला फिल्टर खर्च वाढवतो, पण खात्री देत नाही. त्याचप्रमाणे प्रकल्प-अहवालात एकाच वारंवारतेवरील दमनाचा आकडा देणे अपुरे आहे. संपूर्ण पट्ट्यातील सर्वांत प्रतिकूल आकडा दिला पाहिजे.

वसई-विरार परिसरातील महाविद्यालयांना यासाठी महागड्या सूक्ष्मतरंग उपकरणांची वाट पाहण्याचे कारण नाही. वरील सर्व गुणोत्तरे वारंवारतेवर अवलंबून नाहीत. ५० ते १०० मेगाहर्ट्झ दुप्पट करणारा साधा डायोड-परिपथ तोच प्रश्न शंभरपट खालच्या वारंवारतेवर उभा करतो. त्याची पट्टाभर मोजणी विद्यार्थ्यांकडून करवून घेतल्यास ठोकळाकृतीतील ‘फिल्टर’ या चौकोनाचा खरा अर्थ त्यांना उमगेल.