एक पत्रा, अनेक रंग : हेटर आणि कृष्णा रेड्डी

मुद्राचित्रांच्या प्रदर्शनात ‘व्हिस्कॉसिटी प्रिंट’ असे शब्द वाचायला मिळतात. हा काय प्रकार आहे, असे कोणी विचारले की बहुधा एक ठरावीक उत्तर मिळते : ‘तेल आणि पाणी जसे मिसळत नाहीत, तशा यातल्या शाया मिसळत नाहीत.’ हे उत्तर चूक आहे. तेल आणि पाणी यांच्या वैरावर शिळाछापाचे, म्हणजे लिथोग्राफीचे तंत्र उभे आहे. व्हिस्कॉसिटी पद्धतीत मात्र सगळ्या शाया तेलाच्याच असतात. मग त्या एकमेकींना का नाकारतात? या प्रश्नाचे उत्तर नीट समजले नाही, तर ज्या दोन कलावंतांच्या नावाशी हे तंत्र प्रामुख्याने जोडलेले आहे, त्यांची चित्रेही अर्धीच समजतात.

त्यांतले एक स्टॅन्ली विल्यम हेटर (१९०१–१९८८). ते मूळचे लंडनचे. लंडनच्या किंग्ज कॉलेजात त्यांनी रसायनशास्त्र आणि भूशास्त्र शिकून घेतले व १९२२ ते १९२५ या काळात इराणमधील अबादान येथे तेल कंपनीत नोकरी केली. पुढे पॅरिसला जाऊन १९२७ मध्ये त्यांनी मुद्राचित्रणाची कार्यशाळा काढली. १९३३ मध्ये ती ज्या जागेत गेली, तिच्या घरक्रमांकावरून ‘अतेलिए १७’ हे नाव पडले. दुसरे कृष्णा रेड्डी (१९२५–२०१८). आंध्रातील चित्तूर जिल्ह्यात जन्म, शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिक्षण, मग लंडनचे स्लेड स्कूल आणि पॅरिसमध्ये ओसिप झाडकिन यांच्याकडे शिल्पकलेचे धडे. १९५० नंतर ते हेटर यांच्या कार्यशाळेत आले आणि १९६४ मध्ये तिचे सहसंचालक झाले. एक रसायन जाणणारा रेषेचा चित्रकार आणि एक शिल्पकार अशी ही जोडी. त्यांच्यासोबत आणखी एक नाव घेतलेच पाहिजे, ते म्हणजे मुंबईत जन्मलेले आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले कैको मोती. १९५० च्या दशकात या कार्यशाळेत झालेल्या प्रयोगांत त्यांचाही वाटा होता.

त्यांच्यापुढची अडचण काय होती? धातूच्या पत्र्यावर कोरून किंवा आम्लाने खोदून चित्र काढायचे, खाचांत शाई भरायची, वरचा पृष्ठभाग पुसून घ्यायचा आणि ओलसर कागद ठेवून दाबयंत्रातून काढायचा, ही जुनी रीत. यात एक रंग सहज उमटतो. तीन रंग हवे असतील तर साधारणपणे तीन पत्रे आणि तीन वेळा छपाई. ओला कागद ताणला जातो, वाळताना आकसतो, त्यामुळे एका रंगावर दुसरा नेमका बसवणे जिकिरीचे होते. हेटर यांनी १९४६ च्या ‘सँक पेर्सोनाज’ या चित्रात यावर एक तोड काढली होती. खाचांत काळी शाई भरल्यावर पत्र्याच्या पृष्ठभागावर रेशमी जाळीतून रंग चढवले आणि सारे एकदम छापले. पण तिथे रंगांचे आकार जाळी ठरवीत होती, पत्रा नव्हे.

पुढच्या प्रयोगांत हे बदलले. पत्रा कमीअधिक खोल खोदून त्यावर उंचसखल पातळ्या तयार केल्या. प्रथम खाचांत शाई भरून पुसून घेतली. मग एका कठीण रुळावर जवसाचे तेल घालून सैल केलेली शाई घेऊन तो हलक्या हाताने फिरवला. कठीण रूळ दबत नाही, म्हणून त्याने फक्त उंचवटे रंगवले. त्यानंतर मऊ रुळावर घट्ट शाई घेऊन तो दाबून फिरवला. तो दबून खोलगट भागांपर्यंत पोचला आणि तिथे घट्ट शाई बसली. वाटेत त्याने उंचवट्यांनाही स्पर्श केलाच, पण तिथल्या सैल शाईवर घट्ट शाई चढली नाही. मग एकच कागद, एकच दाब आणि तीन रंग.

घट्ट शाई का चढली नाही? रुळावरचा थर आणि पत्र्यावरचा थर क्षणभर एकमेकांना चिकटतात व रूळ पुढे सरकताच ओढले जातात. त्या वेळी हा जोडथर जिथे सर्वांत दुबळा असेल तिथे फाटतो, म्हणजे सैल शाईत. पत्र्यावर सैल आणि रुळावर घट्ट शाई असेल, तर फाट पत्र्यावरच्या थरातच पडते. घट्ट शाई रुळासोबत परत जाते, उलट थोडी सैल शाईही घेऊन जाते. आता क्रम उलटा करा. पत्र्यावर घट्ट आणि रुळावर सैल शाई असेल, तर फाट रुळावरच्या थरात पडते आणि सैल शाईचा काही भाग घट्ट शाईवर बसतो. म्हणजे इथे कोणते रसायन कोणत्या रसायनाचे शत्रू नाही. प्रश्न आहे तो दाटपणाचा, म्हणजे श्यानतेचा, आणि शाईच्या चिकट ओढीचा. काटेकोर बोलायचे तर ही ओढ आणि श्यानता एकच नव्हेत. तेव्हा या पद्धतीचे नावही अर्धेच खरे सांगते.

गंमत अशी, की रंगीत मासिके छापणाऱ्या ऑफसेट यंत्रांवर हाच नियम उलट्या बाजूने पाळला जातो. तिथे ओल्या शाईवर दुसरी ओली शाई बसायला हवी असते, म्हणून सर्वांत चिकट शाई आधी आणि कमी चिकट शाया नंतर, असा क्रम ठेवतात. छापखान्यात जी फसलेली छपाई ठरली असती, तिच्यातून या कलावंतांनी चित्रभाषा घडवली.

इथवर झाले तंत्र. पण तंत्र नवे म्हणून चित्र चांगले ठरत नाही. ‘एकाच दाबात अनेक रंग’ हे वाक्य कौतुकाने सांगितले जाते, जणू सारा खटाटोप वेळ वाचवण्यासाठी होता. वस्तुतः एक पत्रा तयार करायला फार श्रम पडतात. लाभ वेगळाच आहे. या पद्धतीत रंग हा खोलीशी बांधला जातो. कोणता रंग कुठे पडणार, हे पत्र्याची पातळी ठरवते. रेड्डींसारख्या शिल्पकाराला याहून सोयीचे काय असणार? ते पत्रा कागदासारखा वापरत नाहीत, उठावशिल्पासारखा घडवतात. त्यांच्या ‘व्हर्लपूल’ (१९६३) या चित्रात भोवऱ्याचे वळसे आधी रेखून मग रंगवलेले वाटत नाहीत. बारीक चढउतारांवर रंग आपोआप वाटले गेल्यासारखे पाणी फिरते. दोन रंग शेजारी शेजारी इतके बारीक पडतात, की दुरून डोळाच त्यांचे मिश्रण करतो.

हेटर यांचे बळ रेषेत होते. कोरताना ते हत्यारापेक्षा पत्राच फिरवत, त्यामुळे त्यांच्या रेषेला एक सलग गती येते. ‘कास्काद’ (१९५९) सारख्या चित्रात वाहत्या पाण्याचे भान आहे, पण तिथे रंग रेषांच्या प्रवाहाला साथ देतो. रेड्डींच्या चित्रात रंग आणि आकार वेगळे काढताच येत नाहीत. म्हणून एकच तंत्र वापरूनही दोघांची चित्रे एकमेकांची नक्कल होत नाहीत. भागीदारी खरी असल्याची ही माझ्या मते सर्वांत चांगली खूण आहे. हत्यार सामाईक, दृष्टी आपापली.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. तिच्यात योगायोगाने सुंदर काही उमटणे फार सोपे आहे. खडबडीत पत्रा, तीन रूळ, मोरपंखी झळाळी, आणि आत सांगण्यासारखे काहीच नाही, अशी चित्रेही पुष्कळ निघतात. रेड्डी स्वतः एकाच पत्र्यावरून वेगवेगळ्या रंगसंगती छापून पाहत. ‘ग्रेट क्लाउन’ (१९८१) हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. अशा आवृत्त्या शेजारी ठेवल्या, तर काही प्रयोगवहीतील नोंदींइतक्याच मोलाच्या वाटतात. मात्र ‘डेमन्स्ट्रेटर्स’ (१९६८) मध्ये, पॅरिसच्या विद्यार्थी-आंदोलनातून सुचलेल्या माणसांच्या जमावात, तंत्र पूर्णपणे आशयाच्या सेवेला लागलेले दिसते.

शोधाचे श्रेय कोणाचे, हा वाद अधूनमधून निघतो. कुणी सारे हेटरना देते, कुणी रेड्डींना. मोतींचे नाव बहुधा राहून जाते. शाळेत आपण शोध शिकवतो तेही असेच : एक शोध, एक नाव, एक साल. अतेलिए १७ ची हकीकत या सवयीला छेद देते. तेलाची जाण एकाची, खोलीची जाण दुसऱ्याची, आणि रूळ अनेकांच्या हातांत. रेड्डींनी १९८८ मध्ये या पद्धतीवर पुस्तक लिहिले. पत्रे, शाया, रूळ यांची माहिती त्यात सर्वांसाठी खुली केली. गुपित राखून मोठेपणा टिकवण्याचा मार्ग त्यांनी घेतला नाही.

वर्गात हे पाहायचे असेल तर फार सामान लागत नाही. छापखान्याची तेलाची शाई दोन रंगांत घ्या. एकीत जवसाचे तेल घालून ती सैल करा, दुसरी तशीच घट्ट ठेवा. काचेच्या तुकड्यावर कागदी कापीतून सैल शाईचा आकार उमटवा आणि त्यावरून घट्ट शाईचा रूळ एकदाच फिरवा. दुसऱ्या काचेवर क्रम उलटा करा. काय दिसेल याचा अंदाज मुलांना आधी लिहून ठेवायला सांगा. काचा पुसायला खाद्यतेल आणि चिंध्या पुरतात. हाच प्रयोग डिसेंबरच्या सकाळी आणि मेच्या दुपारी केला, तर तापमान वाढल्यावर शाई पातळ होते आणि निकालही बदलतो, हे लक्षात येईल. ही तासिका चित्रकलेची धरायची की विज्ञानाची, ते वेळापत्रक करणाऱ्यांनी ठरवावे.