मोकळी रेषा: रेम्ब्रांटची दोन रेखाटने

चित्र मोकळे असावे असे आपण सहज बोलून जातो. ह्या मोकळेपणाचे मर्म मात्र रेम्ब्रांटची दोन लहानशी रेखाटने शेजारी शेजारी ठेवून पाहिली तेव्हाच मला थोडेफार उमगले. दोन्ही लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात आहेत आणि दोहोंचा विषय एकच, अगदी घरगुती: मूल चालायला शिकते आहे.

पहिले लाल खडूचे, १६३५ ते १६३७ च्या सुमाराचे. एक वाकलेली वृद्धा, एक तरुण स्त्री आणि दोघींच्या आधाराने उभे राहिलेले पोर. पडले तरी डोक्याला लागू नये म्हणून त्याला जाड टोपी घातली आहे. दुसरे जवळजवळ वीस वर्षांनंतरचे, सुमारे १६५६ सालचे, तपकिरी शाईचे. आकाराने पोस्टकार्डाहून फारसे मोठे नाही. येथे आई आणि थोरली बहीण मुलाला सावरीत आहेत, समोर बाप खाली बसून हात पसरून बोलावतो आहे आणि मागून एक गवळण दुधाची बादली घेऊन चालली आहे.

बादली भरलेली आहे हे आपल्याला कसे कळते? दूध काढलेलेच नाही. गवळणीचा दुसरा हात तोल सांभाळण्यासाठी बाहेर ताणलेला आहे. त्या एका रेघेने बादलीला वजन आणले. ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनी ह्यांनी हे कदाचित आजवरचे सर्वश्रेष्ठ रेखाटन असेल असे म्हटले आहे. तसा निवाडा देण्याची माझी योग्यता नाही. इतकेच म्हणेन की येथील प्रत्येक रेघ वजनाविषयी काहीतरी सांगते, आणि जी सांगणार नाही ती काढलेलीच नाही.

त्या काळात रेम्ब्रांट पुष्कळदा बोरू वापरीत असे. आपल्या वाडवडिलांनी कित्ते गिरवले तोच बोरू. त्याची शाई लवकर सरते, रेघ मध्येच कोरडी पडते आणि खोडण्याची सोय नसते. हात चालण्यापूर्वी डोळ्याने निर्णय केलेला असावा लागतो. म्हणूनच नुसता कुंचला झटकून, रंग ओघळू देऊन मिळवलेला सैलपणा मला पटत नाही. त्यात पाहणे कमी आणि ऐट जास्त.

उलट चूक मी स्वतः केली आहे. एका धर्मग्रामातील बालचित्र स्पर्धेत मी परीक्षक होतो. आखीव, काठोकाठ रंगवलेल्या चित्राला मी पहिले बक्षीस दिले. एका मुलीने विहिरीवर पाणी शेंदणारी आजी दहाबारा रेघांत काढली होती. ‘अपुरे’ असा शेरा मारून मी ते बाजूला सारले. त्या आजीची पाठ दोराच्या ओढीने मागे गेली होती, हे मला घरी परतल्यावर, रात्री जेवताना आठवले.

रेम्ब्रांटच्या त्या चित्रात बापाचा चेहरा जवळजवळ दिसतच नाही. पसरलेल्या हातांवरून तो कसा असेल हे आपण मनातच पुरे करतो.