निळा डाग तांबडा समजावा

‘फुले’ पाहून बाहेर पडताना सोबतच्या मित्राला विचारलं, “कुठं कापलंय ते कळलं का?” तो म्हणाला, “नाही बा. चांगला होता की पिच्चर.” हा लेख त्या ‘नाही बा’तून निघाला आहे.

एप्रिल २०२५ मध्ये, अकरा तारखेला, म्हणजे जोतीरावांच्या जयंतीला लागायचा हा चित्रपट पंचवीसला लागला. मधल्या दिवसांत पेपरांतून सेन्सॉर मंडळाची यादी सगळ्यांनी वाचली. ‘महार’, ‘मांग’, ‘पेशवाई’ काढा. तीन हजार वर्षांच्या गुलामीऐवजी ‘कित्येक वर्षांची’ म्हणा. झाडू बांधलेला माणूस नको. चॅनेलवर भांडणं झाली, दोन्ही बाजूंनी पत्रकं निघाली, आणि शेवटी पडद्यावर आलं ते असं सफाईदार की माझ्या बऱ्यापैकी जाणत्या मित्रालाही शिवण सापडली नाही. दिग्दर्शक अनंत महादेवन यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. माझी तक्रार त्या सफाईविषयी आहे.

या शब्दांचा इतिहास बघा. १८५५ साली फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मुलीचा निबंध ‘ज्ञानोदय’त छापून आला. निबंधाचं नावच ‘मांग महारांच्या दुःखाविषयी’. राज्य कंपनी सरकारचं, पत्र मिशनऱ्यांचं, तरी नावातले दोन्ही शब्द शाबूत राहिले. एकशे सत्तर वर्षांनी त्या शाळा काढणाऱ्या जोडप्यावरच्या चित्रपटातून ते गेले. त्याच १८५५ मध्ये खुद्द जोतीरावांनी ‘तृतीय रत्न’ लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडे धाडलं. कमिटीने बंदी वगैरे काही घातली नाही, नुसतं नाटक नाकारलं. पुढं शंभराहून अधिक वर्षं ते छापून आलं नाही. मराठी रंगभूमीची गोष्ट सांगलीच्या ‘सीतास्वयंवरा’पासून सांगायची आपली रीत आहे; ती या नाकारलेल्या बाडापासून सांगितली तर बरंच काही उलगडतं.

तेव्हा कात्री नवी नाही. नवं आहे ते कलावंतांनी ती कात्री झाकून घेणं.

उलट उदाहरण १९७० सालचं. तेंडुलकरांचं ‘गिधाडे’. माणिकच्या साडीवरचा रक्ताचा डाग परिनिरीक्षण मंडळाला खुपला. डॉ. श्रीराम लागूंनी डाग काढून टाकला नाही, निळा केला. आणि प्रयोगाआधी प्रेक्षकांना सांगून टाकलं की मंडळाची हरकत असल्यामुळे डाग निळा आहे, तो आपण तांबडा समजावा. हुकूम पाळला होता, त्यामुळे कोणाला काही बोलता येईना. पण साडीवर आता दोन गोष्टी दिसायला लागल्या, एक माणिकचं रक्त आणि दुसरी ते झाकणारा हात. तांबडा डाग पाहून एखाद्याने मान फिरवली असती. निळ्या डागाकडे मात्र टक लावून बघावंच लागणार, कारण तो तांबडा करायचं काम आता प्रेक्षकाचं होतं. ‘सखाराम बाइंडर’चं पुढचं रामायण, ते कोर्ट, ते ‘बाइंडरचे दिवस’, सगळ्यांना पाठ आहे आणि त्यातलं शौर्य मला मान्यही आहे. पण कला म्हणून मला निळा डाग मोठा वाटतो.

सिनेमात अशी सोय सरकारनेच करून ठेवली होती. दिवे गेले की पडद्यावर प्रमाणपत्र यायचं आणि टॉकीजभर कुजबुज व्हायची ती रिळांची. “अठरा रीय हाये बे, साडेबारा वाजतीन.” आमच्या मलकापूरला फिल्मची पेटी भुसावळकडून यायची, सीपी-बेरार सर्किटच्या वितरणाचा पसारा भुसावळ-अमरावतीला. त्या प्रमाणपत्राच्या खाली डाव्या कोपऱ्यात कधीकधी एक छोटा त्रिकोण असायचा. तो कशाचा, हे मला एका ऑपरेटरने पेटीवर बसून बिडी ओढता ओढता सांगितलं: त्रिकोण असला की समजायचं, पिच्चर कापलेला आहे. त्या दिवसापासून त्रिकोणवाला सिनेमा मी निराळाच पाहायला लागलो. चित्र उडी कुठं मारतं, गाण्याचा तुकडा मध्येच कुठं तुटतो, बाई दाराकडे जाताजाता एकदम खुर्चीत कशी. कात्रीचा घाव डोळ्यांना दिसायचा. आता फिल्मच नाही, त्यामुळे उडीही नाही. आवाज पुसतात, शब्द बदलून पुन्हा डब करतात, आणि प्रेक्षक म्हणतो, चांगला होता की पिच्चर.

गेल्या दहा-पंधरा वर्षांतलं मराठी काम या कसोटीवर लावून पाहिलं तर हाताला फार थोडं लागतं. शिवकालीन चित्रपटांची रांग एका वाक्यात सोडतो: ज्याने लिहितानाच सगळं छाटलंय त्याचं मंडळ काय कापणार? ओटीटीवरच्या मराठी मालिकांत शिव्या वाढल्या, हिंमत वाढलेली दिसली नाही. ‘न्यूड’ २०१७ साली इफ्फीतून गाळला गेला आणि मागाहून एकही कट न लागता ‘ए’ घेऊन आला. वाद चित्रपटापेक्षा मोठा निघाला.

राहतो ‘कोर्ट’. चैतन्य ताम्हाणेचा हा चित्रपट २०१५ साली लागला, त्याच वर्षी राष्ट्रीय पुरस्कार घेऊन. त्याच्याविषयी लिहून झालंय ते बहुतेक न्यायव्यवस्थेविषयी. माझ्या मते सेन्सॉरविषयी मराठीत झालेलं सर्वांत धारदार काम तेच आहे, आणि त्यात सेन्सॉर बोर्ड कुठंच नाही. एका लोकशाहिरावर खटला चालतो, त्याच्या गाण्यामुळे गटारात उतरणाऱ्या कामगाराने जीव दिला म्हणून. न्यायालयात १८७६ सालचा नाट्यप्रयोग कायदा एकसुरी आवाजात वाचला जातो. तो वाचणाऱ्या सरकारी वकीलबाई दुष्ट नाहीत. त्यांना लोकल गाठायची आहे, घरी स्वयंपाक पडलाय. आणि मग ताम्हाणे त्यांना कुटुंबासह नाटकाला नेतो. नाटक विनोदी, परप्रांतीयांची टिंगल करणारं, सभागृह हसून लोटपोट. कॅमेरा जागचा हलत नाही. शाहिराचं गाणं आरोपीच्या पिंजऱ्यात आणि हे नाटक टाळ्यांत. कोणता शब्द धोक्याचा आणि कोणता निरुपद्रवी हे ठरतं कसं, ते त्या दोन दृश्यांत सगळं येऊन जातं, बोट न दाखवता. शाहीर नारायण कांबळे झालेले वीरा साथीदार आमच्या विदर्भातले, ‘विद्रोही’चे संपादक, २०२१ च्या करोनात गेले. शाहिरी संभाजी भगतांची. तो १८७६ चा कायदा चित्रपट लागला तेव्हा पुस्तकात जिवंत होता, २०१८ साली रद्द झाला.

दुसरं नाव ‘शिवाजी अंडरग्राऊंड इन भीमनगर मोहल्ला’ या नाटकाचं. जालना जिल्ह्यातल्या शेतकरी-कलावंतांनी उभं केलेलं, राजकुमार तांगडेंनी लिहिलेलं, नंदू माधवांनी बसवलेलं. जालना आमच्या बुलडाण्याला लागून, त्यामुळे थोडा पक्षपात धरून चाला. यमाच्या हातून महाराजांचा विचार भरलेला जिरेटोप हरवतो आणि तो बसेल असं डोकं यम शोधत राहतो. शिवकालीन चित्रपटांच्या सगळ्या तोफा एका बाजूला आणि हा रिकामा जिरेटोप एका बाजूला. ही मंडळी मुंबई-पुण्याची नाहीत, हा योगायोग मानायला मी तयार नाही. आमच्याकडे बोलायची रीतच संहितेबाहेरची. गाडगेबाबा कीर्तनात समोरच्याला प्रश्न विचारायचे आणि आलेल्या उत्तरावर पुढचं कीर्तन उभं राहायचं. अकोटकडचे सत्यपाल महाराज सात खंजेऱ्या घेऊन तेच करत आले. कोणत्या मंडळाला कोणतं बाड पाठवणार?

नाटकाला मात्र बाड पाठवावं लागतं. केंद्राचं मंडळ चित्रपटापुरतं. नाटकासाठी महाराष्ट्राने रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ नावाची वेगळी चूल मांडली आहे. देशातल्या बहुतेक राज्यांत ती नाही. मुळात हा मुंबई राज्याच्या पोलीस कायद्याचा वारसा. मलकापूर तर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात नव्हतंच. वऱ्हाडाला हे आंदण नंतर मिळालं. अमोल पालेकरांनी २०१६ मध्ये या पूर्वपरवानगीलाच उच्च न्यायालयात आव्हान दिलं, तेव्हा मराठी नाट्यसृष्टीतून जेवढा आवाज उठायला हवा होता तेवढा उठला नाही. व्यावसायिक निर्मात्याला प्रमाणपत्र म्हणजे एक कागद. हौशी मंडळाला मात्र प्रमाणपत्राशिवाय स्पर्धेत उभं करत नाहीत.

त्याचा परिणाम कसा होतो ते स्वतःचंच सांगतो. कापूस खरेदीवर आम्ही एकांकिका बसवली होती. त्यात एक तहसीलदार होता, पंचनाम्याला येतो आणि चहा पिऊन जातो. संहिता पाठवायच्या आदल्या रात्री चौघं बसलो आणि ‘तहसीलदार’ खोडून ‘साहेब’ केलं. कोणी सांगितलं नव्हतं. कोणाची नोटीस नाही, हरकत नाही. दोन पानं पुढं गेल्यावर वाटलं, ‘पंचनामा’ही नको, ‘पाहणी’ म्हणू. सकाळपर्यंत एकांकिका कोणाविषयीच उरली नव्हती. प्रमाणपत्र मिळालं, एक शब्दही न कापता! आम्ही पेढे वाटले.

म्हणूनच ‘आम्ही फार कमी कापतो’ हा मंडळांचा नेहमीचा युक्तिवाद मला पटत नाही. चौघांनी बसून रात्रीत काय खोडलं ते कोणाच्या आकड्यात येणार? १९८३ साली केंद्राच्या मंडळाच्या नावातून ‘सेन्सॉर’ गेला आणि ‘प्रमाणन’ आलं. २०२३ च्या दुरुस्तीने ‘यूए’चे सात, तेरा, सोळा असे वयाचे टप्पे केले. हे चांगलंच झालं. कोणत्या वयाच्या मुलाने काय पाहावं हे पालकांना सांगा, माझी ना नाही. पण वय ठरवायचं असेल तर वय ठरवा, शब्द कशाला काढता? सोळा वर्षांच्या मुलाला ‘पेशवाई’ कळू नये? ती तर त्याच्या इतिहासाच्या पुस्तकात आहे. ‘चल हल्ला बोल’ या चित्रपटाच्या वेळी ‘नामदेव ढसाळ कोण’ असं मंडळातून विचारलं गेल्याच्या बातमीवर मराठी लेखक आठवडाभर संतापले. संताप रास्त होता, पण प्रश्न विचारणाऱ्याच्या अज्ञानापेक्षा त्याच्या हातातला अधिकार जास्त चिंतेचा आहे.

दिग्दर्शक अब्बास यांच्या खटल्यात १९७० साली सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटाची पूर्वतपासणी मान्य केली, कारण चित्रपट माणसाला पुस्तकापेक्षा जास्त हलवतो. आज मलकापूरच्या बसस्टँडवर एसटीची वाट पाहणारा प्रत्येक पोरगा खिशातून वाट्टेल ते पाहतो. त्याला रोखणारं कोणी नाही, फक्त तिकीट काढून अंधारात बसणाऱ्याचीच काळजी का? आणि प्रमाणपत्राचं तरी मोल काय राहिलं? ‘खालिद का शिवाजी’ला ते मिळालं होतं, ऑगस्ट २०२५ मध्ये राज्य सरकारने हरकत घेतली आणि प्रदर्शन थांबलं. दाद मागायला पूर्वी अपील न्यायाधिकरण होतं, २०२१ मध्ये तेही मोडीत निघालं. उरलं उच्च न्यायालय. ‘उडता पंजाब’वाल्यांना ते परवडलं. इथल्या एखाद्याने शेत गहाण टाकून मराठी चित्रपट केला, तर मुंबईचं मंडळ पाचशे किलोमीटर एकीकडे आणि नागपूरचं खंडपीठ दुसरीकडे. वकिलाची फी आणि रेल्वेचं रिझर्वेशन यातच तारीख निघून जायची.

नाटकाची पूर्वपरवानगी बंद झाली पाहिजे, सरळ. ती होईल तेव्हा होईल. तोवर यंदा स्पर्धेला उतरणाऱ्या आमच्या भागातल्या मंडळांना एक विनंती. शब्द बदलावा लागला तर बदला, चार पोरांचा सहा महिन्यांचा घाम आहे. पण तिसऱ्या घंटेआधी एकाने पडद्यापुढे येऊन सांगावं: मूळ संहितेत तहसीलदार होता, तो आता साहेब झाला आहे, रसिकांनी साहेब ऐकावा आणि तहसीलदार समजावा.