सरंजाम आणि सार्वभौमत्व : आंतरराष्ट्रीय कायद्याच्या वसाहतवादविरोधी समीक्षेचा एक पडताळा

आंतरराष्ट्रीय कायद्याच्या वसाहतवादविरोधी समीक्षेत दोन भूमिका विशेष विचारार्ह आहेत. अठराव्या शतकाअखेरपर्यंत युरोपीय सत्ता पौर्वात्य राज्यांशी समान पातळीवर तह करीत. त्यांना राष्ट्रसमुदायाबाहेर काढले ते एकोणिसाव्या शतकातील विधिविचाराने, असे चार्ल्स अलेक्झांड्रोविच यांनी १९६७ च्या ग्रंथात प्रतिपादिले. उलट, वसाहतींशी आलेल्या संबंधातूनच सार्वभौमत्वाची संकल्पना घडली, असे अँटनी अँघी यांचा २००५ चा ग्रंथ सांगतो. एकाच्या मते बहिष्कार ही उत्तरकालीन विकृती होय; दुसऱ्याच्या मते तो या कायद्याचा मूलधर्मच. या मतांची पारख करण्यास मराठी अभ्यासकाला दूर जावे लागत नाही.

१७ डिसेंबर १७७९ रोजी पुण्यास झालेल्या तहान्वये मराठ्यांनी दमणकडील मुलखातील बारा हजार रुपयांचा वसूल पोर्तुगीजांस लावून दिला. १९५४ मध्ये दादरा व नगर-हवेली येथील पोर्तुगीज अंमल संपुष्टात आला. पुढील वर्षी पोर्तुगालने त्या प्रदेशात जाण्याच्या मार्गाधिकारासाठी हेगच्या न्यायालयात भारताविरुद्ध दावा लावला. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने तह वैध मानला. मात्र सार्वभौमत्व द्यावयाचे असता मराठे तशी स्पष्ट शब्दयोजना करीत, हे ध्यानी घेऊन ही देणगी केवळ वसुलाची, जहागीर वा सरंजाम या स्वरूपाची ठरविली. येथवर अलेक्झांड्रोविच यांचा पक्ष बळावतो : मराठ्यांचा तह आणि त्यांची परिभाषा, दोहोंनाही मान मिळाला.

परंतु निकाल येथे थांबत नाही. मराठ्यांमागून आलेल्या इंग्रजांनी पोर्तुगीजांची सत्ता व्यवहारात मान्य केली, पुढे भारतानेही ती मूकपणे मानली. म्हणून सरंजामाचे सार्वभौमत्व झाले, असे न्यायालयाने धरले. इंग्रज-पोर्तुगीज यांच्या दीर्घ वहिवाटीस स्थानिक रूढीचे बळ देऊन, खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी व माल यांच्यापुरता मार्गाधिकार ११ विरुद्ध ४ मतांनी मान्य झाला. सशस्त्र दलांचा अधिकार ८ विरुद्ध ७ मतांनी नाकारला गेला आणि भारताने कर्तव्यभंग केला नाही, असे ९ विरुद्ध ६ मतांनी ठरले.

फल भारतास अनुकूल. युक्तिवाद मात्र चिंतनीय आहे. देणाऱ्याचा हेतू अचूक वाचला गेला, आणि तरीही दोन साम्राज्यांच्या परस्पर सोयीपुढे तो निष्प्रभ झाला. बहिष्काराची ही रीत अँघींच्या बाजूने साक्ष देते, पण सूक्ष्म भेदाने : येथे पौर्वात्य राज्यास असंस्कृत ठरविण्याची गरजच पडली नाही. त्याच्या शब्दास मान देऊन त्यानंतरच्या मौनास अधिक मोल दिले, की कार्यभाग साधतो.

तथापि समीक्षकांनीही एक अडचण ओळखली पाहिजे. वसाहतकालीन वारसा नवस्वतंत्र राष्ट्रांनाही हवा असतो; १९६४ मध्ये कैरो येथे आफ्रिकी राष्ट्रांनी स्वातंत्र्यसमयीच्या सीमाच मान्य केल्या. सरंजाम कोणाचा, या वादात त्या गावांतील रयतेच्या इच्छेस निर्णायक स्थान मिळाले नाही. राज्यांच्या समतेची मागणी करणारी समीक्षा या रयतेपर्यंत पोहोचत नाही, तोवर ती अपुरीच राहील.