डॉ. फर्निव्हल यांचा नौका-क्लब

चॉसरच्या अभ्यासकास डॉ. फ्रेडरिक जेम्स फर्निव्हल हें नांव तळटीपांतून परिचित असतें. जुने इंग्रजी ग्रंथ छापून काढण्यासाठीं त्यांनीं १८६४ सालीं एक मंडळ स्थापिलें. १८६८ मध्यें चॉसरसाठीं व १८७३ मध्यें शेक्सपिअरसाठीं अशींच मंडळें काढलीं. आणि ज्या बृहत्कोशास पुढें ऑक्सफर्डचें नांव मिळालें त्याच्या संपादनाचा भार, १८६१ मध्यें हर्बर्ट कोलरिज निवर्तल्यावर, बरींच वर्षें त्यांनींच वाहिला. एवढें सांगून झालें म्हणजे त्यांच्याविषयीं लिहिणारे बहुधा हंसत हंसत एक वाक्य जोडतात : या पंडितास वल्हीं मारण्याचा मोठा नाद होता, व सत्तरी उलटल्यावर त्यानें मुलींसाठीं नौका-क्लबही काढला ! विद्वानाचा छंद म्हणून ही गोष्ट तेथेंच सोडून देण्यांत येते. आम्हांस मात्र असें वाटतें कीं, जिला तळटीप समजण्यांत येतें तीच या चरित्राची मूळ संहिता होय.

हें पटण्यास टेम्स नदीवरील नौका-क्लबांचा इतिहास थोडा निराळ्या रीतीनें वाचावा लागतो. अशा संस्थांच्या महोत्सवी ग्रंथांचा एक सांचा ठरून गेला आहे. आरंभीं संस्थापकांचीं छायाचित्रें, मग अध्यक्षांची नामावळी, मग जिंकलेले चषक, आणि शेवटीं इमारतनिधीचें आवाहन. कोण जिंकलें हें त्यांत वर्षवार सांपडतें. नावेंत बसूं कोणास दिलें नाहीं, हें सांपडत नाहीं. वस्तुतः क्लब म्हणजे दार असलेली संस्था. तिचा इतिहास सांगावयाचा तर आंत आलेल्यांइतकाच बाहेर राहिलेल्यांचाही सांगितला पाहिजे.

टेम्सवर शर्यती प्रथम केल्या त्या सद्गृहस्थांनीं नव्हेत, पोटासाठीं उतारू वाहणाऱ्या नावाड्यांनीं. डॉगेट नांवाच्या नटानें सुरू केलेली तरुण नावाड्यांची शर्यत १७१५ पासून चालत आली आहे. लिअँडर क्लब १८१८ चा, ऑक्सफर्ड-केंब्रिजची पहिली शर्यत १८२९ ची, हेन्लीचा मेळा १८३९ चा. म्हणजे धंदेवाईक आधीं व हौशी मागाहून. असें असतां १८७९ सालीं हेन्लीच्या चालकांनीं 'हौशी' या शब्दाची व्याख्या केली. तींत पैशासाठीं वल्हविणारे तर वगळलेच, पण मजुरीवर पोट भरणारा यांत्रिक, कारागीर व कामगारही वगळला. १८८२ मध्यें स्थापन झालेल्या हौशी नौका-संघानें हेंच धोरण पुढें चालविलें. हौस ही खेळावरून न ठरतां धंद्यावरून ठरूं लागली.

या व्याख्येच्या बाजूनें बोलण्यासारखें कांहींच नव्हतें असें नाहीं. दिवसभर अंगमेहनत करणाऱ्याचे बाहू लेखणी चालविणाऱ्याच्या बाहूंपेक्षां बळकट असणार. मग सामना बरोबरीचा कसा? नावाड्यापुरता हा युक्तिवाद कांहींसा खरा मानतां येईल. परंतु सुतारास किंवा छापखान्यांत खिळे जुळविणारास वल्ह्याचें शिक्षण त्याच्या धंद्यांतून थोडेंच मिळतें ? उलट, ज्यास रोजची दुपार नदीवर घालवितां येते त्याची सोय मोठी, कीं ज्यास आठवड्यांतून एक रविवार काय तो मोकळा मिळतो त्याची ? बरोबरीची ही काळजी एका बाजूनेंच वाहिली जात होती.

फर्निव्हल हे वैद्याचे चिरंजीव व केंब्रिजचे पदवीधर. त्यांच्यापुरतें दार उघडेंच होतें. पण १८५४ मध्यें लंडन येथें श्रमिकांसाठीं महाविद्यालय निघालें, तेथें ते शिकवूं लागले. कामकऱ्यांस व्याकरण व काव्य शिकवावें आणि रविवारीं त्यांच्याच बरोबर सहलीस निघावें, असा त्यांचा क्रम पडला. महाविद्यालयाचे प्रमुख व धर्मोपदेशक मॉरिस यांस रविवारच्या या सहली रुचल्या नाहींत. १८९० सालीं, मजुरांस न वगळणारा असा दुसरा राष्ट्रीय नौका-संघ उभा राहिला. त्याच्या प्रवर्तकांत फर्निव्हल होते. आणि १८९६ मध्यें हॅमरस्मिथ येथें त्यांनीं मुलींचा क्लब काढला. ब्रिटिश म्यूझियमजवळच्या ज्या चहागृहांत ते नित्य बसत, तेथें चहा आणून देणाऱ्या मुलीही त्यांत आल्या. पुढें १९०१ मध्यें पुरुषांसही प्रवेश मिळाला. काळ ध्यानांत घ्यावा : १८९७ मध्यें केंब्रिज विद्यापीठानें स्त्रियांस पदवी देण्याचें नाकारलें, आणि तेथें ती त्यांस १९४८ पर्यंत मिळाली नाहीं. या क्लबाच्या नांवांतला 'स्कलिंग' हा शब्दही अर्थपूर्ण आहे. त्या प्रकारांत एकेक जण दोन्ही हातांनीं दोन वल्हीं चालवितो. चहाचें तबक धरणाऱ्या हातांत फर्निव्हल यांनीं तीं दिलीं.

आतां त्यांच्या विद्वत्तेकडे वळूं. संपादक या नात्यानें ते निर्दोष नव्हते. त्यांचें काम घाईचें असे. प्रस्तावनांत घरगुती गप्पा शिरत. शेक्सपिअरच्या नाटकांचा क्रम वृत्ताच्या मोजणीनें ठरविण्याच्या भरांत त्यांच्या मंडळाला काव्याचा विसर पडे. कवि स्विन्बर्न यांच्याशीं त्यांनीं केलेलें भांडण कोणाही सभ्य गृहस्थास शोभणारें नव्हतें. १८८३ मध्यें त्यांचा संसारही मोडला. परंतु चॉसरच्या कथांचीं सहा हस्तलिखितें शेजारीं शेजारीं छापून त्यांनीं वाचकापुढें ठेविलीं, त्यांतला हेतु पाहण्यासारखा आहे. स्वतःच्या पसंतीचा एकच 'शुद्ध' पाठ त्यांनीं त्यावर लादला नाहीं. जें थोड्यांच्या कपाटांत होतें तें सर्वांच्या हातीं यावें, निवड ज्यानें त्यानें करावी. जुने ग्रंथ आणि नदी या दोहोंविषयीं त्यांचें मत एकच होतें, व तें ठाम होतें. म्हणूनच क्लबास छंद म्हणणें आम्हांस मान्य नाहीं.

पुढील सर्व बदल एकट्या फर्निव्हल यांच्यामुळें झाले असें म्हणणें अर्थातच अतिशयोक्तीचें होईल. १९१० मध्यें ते वारले तेव्हां तें कलम कायमच होतें. १९३६ मध्यें बर्लिनच्या ऑलिंपिकसाठीं निघालेल्या ऑस्ट्रेलियाच्या आठ वल्हेकऱ्यांस, केवळ ते पोलीस शिपाई म्हणून, हेन्लीच्या मुख्य चषकासाठीं उतरूं देण्यांत आलें नाहीं. त्यामुळें एवढी शोभा झाली कीं, दुसऱ्याच वर्षीं कलम काढावें लागलें. आणि १९५६ मध्यें दोन्ही संघ एक झाले. स्त्रियांचा मार्ग याहूनही लांबचा. ऑक्सफर्ड व केंब्रिज येथील विद्यार्थिनींची पहिली शर्यत १९२७ सालीं झाली, तींत वेगाबरोबर डौलासही गुण होते ! ऑलिंपिकमध्यें स्त्रियांच्या नावा १९७६ सालीं उतरल्या, आणि लंडनमधील त्याच पाण्यावर, पुरुषांच्याच दिवशीं, विद्यार्थिनींची शर्यत २०१५ पासून होऊं लागली. हॅमरस्मिथच्या तीरावर फर्निव्हल यांच्या नांवाचा क्लब या सर्व काळांत टिकून राहिला व आजही आहे.

आपल्या परिचयाच्या एखाद्या जुन्या जिमखान्याचा महोत्सवी ग्रंथ वाचकांच्या हातीं येईल, तेव्हां चषकांचीं पानें अवश्य चाळावीं. परंतु त्यापूर्वीं सभासदत्वाचें कलम काढून वाचावें, तें केव्हां व कोणामुळें बदललें हें शोधावें. आणि ग्रंथांत तें कलमच छापलेलें नसेल, तर इतिहास अजून लिहावयाचा आहे असें समजावें.